भिवरवाडीची कळशी

"हात दाव बगू," मामंजी म्हणाले.

मी चुलीतली राख ओढत होते. माझ्या सासऱ्यांना आदल्या हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आला होता आणि तेव्हापासून ते घरात कुणाशी फारसं बोलत नसत. माझ्याशी तर लग्न होऊन आल्यापासून धड चार शब्द बोलले नव्हते. राखेचा हात पदराला पुसून मी पुढे केला. त्यांनी माझ्या तळव्यावरून आपल्या चांगल्या हाताचा अंगठा फिरवला, मग चुलीतला निखारा चिमट्यात धरून माझ्या तळव्यावर उंच धरला आणि हळूहळू खाली आणू लागले.

"कवा लागंल तवा सांग."

"मगाच लागलं की," मी म्हणाले.

निखारा अजून वीतभर वर होता. मामंजींनी तो चुलीत परत टाकला. त्यांचा अर्धा चेहरा तेव्हा हलत नसे, पण हलणारा अर्धा मला हसल्यासारखा वाटला. उद्या उजाडायला माझ्यासंगं पाण्यावर यायचं, एवढं म्हणून ते भिंतीला टेकले. पाण्याची मला भीती होती, आणि त्याहून मोठी भीती अशी की पाण्यावर पाऊल टाकायला मला त्या घरात बंदी होती.

ती बंदी आली कुठून ते सांगायला हवं. माझं माहेर भोयांचंच, पण नदी सोडून भट्टीला लागलेल्या भोयांचं. बार्शीकडच्या कोरड्या माळावर आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हरभरे भाजून फुटाणे करायचा धंदा. वाळू किती तापली हे आम्ही डोळ्यांनी बघत नाही, तळवा वर धरून ओळखतो. जरा उशीर झाला की हरभरा करपतो, जरा घाई झाली की कच्चा राहतो. मला चालता येण्याआधी हे कळत होतं, असं माझी आई कौतुकानं सांगायची. अशा पोरीला दिलं कुठे, तर भीमेच्या धरणाकाठी मासे धरणाऱ्यांच्या घरात. पहिल्याच दिवशी काठावर त्यांची काहील बघितली आणि मला हसू आवरेना. काहील म्हणजे गुऱ्हाळात रस आटवायची मोठी लोखंडी कढई. त्या भागात जुनी काहील होडीसारखी वापरत. आमच्याकडे कढईत फुटाणे बसतात, इथे माणसं बसून पाण्यात जातात. सासूबाईंनी माझं हसणं बघितलं आणि तिथेच माझं नाव पडलं, भट्टीवाली.

सासूबाईंचं नाव गोदाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. काटक, काळ्यासावळ्या, आणि तोंडानं अशा की समोरच्यानं वल्हं टाकून पळावं. पण माझं माप ओलांडून झालं तेव्हाची एक गोष्ट माझ्या मनात राहून गेली होती. कुणा एका म्हातारीनं सवयीनं एक रिकामी कळशी माझ्या कडेवर ठेवली. आत्याबाईंनी ती तिथल्या तिथे काढून घेतली, म्हणाल्या, आता कसली कळशी, आणि आत निघून गेल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. का, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. नव्या नवरीनं काय काय विचारायचं.

त्या साली पावसानं दगा दिला होता. धरण निम्म्याच्या खाली गेलेलं, आणि त्यावर थंडी अशी पडली की सकाळी पाण्याच्या कडेच्या गवतावर मीठ पेरल्यासारखं दिसायचं. थंडीत मासा बसतो. म्हणजे खोल पाण्यात जाऊन तळाशी गप्प पडतो. आणि आमचं जाळं तर उभं सोडायचं, मासा पोहत येऊन त्यात अडकेल तेव्हा मिळेल. तो हललाच नाही तर जाळं काय करणार. दरवर्षी पाच-सहा दिवस असं होई आणि मग मासा उठे. त्या साली उठेचना. जाळी रिकामी यायची, आणि ती झटकताना बोटं फुटून रक्त यायचं. आमचे हे, म्हणजे म्हाळाप्पा (नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही अशी आमच्यात रीत होती, पण आता मलाच नातसुना आल्यात, तेव्हा घेते), रिकामं जाळं खांद्यावर टाकून घरी यायचे आणि आईच्या नजरेला नजर द्यायचे नाहीत.

आत्याबाईंनी ठरवून टाकलं की हे माझ्या पायगुणानं झालं. भट्टीवाल्याची पोर, आगीतली, तिनं एकदा पाण्यात पाय धुतले आणि मासा बसला. तेव्हापासून मी काठावर जायचं नाही, काहिलीला शिवायचं नाही, जाळ्याला हात लावायचा नाही. आणि शेवटी त्यांनी माझ्या वडिलांना सांगावा धाडला, बाजाराच्या दिवशी या आणि लेकीला मासा उठेपर्यंत घेऊन जा. अशी पाठवलेली सून परत आणायला कोण जातं, हे काठावरच्या सगळ्यांना माहीत होतं. माझ्या चुलतबहिणीला असंच 'थोड्या दिवसांसाठी' आणून सोडलं होतं, ती अजून आमच्या भट्टीपुढे बसून चाळण मारत होती. म्हाळाप्पा आईपुढे तोंड उघडायचे नाहीत. रात्री मात्र माझी पावलं आपल्या पोटऱ्यांत धरून ऊब द्यायचे. मला त्या माणसाचा लळा लागला होता. मला जायचं नव्हतं.

बाजार परवावर आला होता, आणि आता मामंजी मला पाण्यावर न्यायचं म्हणत होते.

आत्याबाईंनी अर्थातच घर डोक्यावर घेतलं. मामंजींनी सगळं ऐकून घेतलं. मग पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, एक घोट घेतला आणि नेहमीसारखं तोंड वाकडं करून खाली ठेवला. आजारी पडल्यापासून त्यांचं हे एक होतं. धरणाचं पाणी त्यांना गोड लागेना. अळणी हाय, म्हणायचे. आत्याबाई म्हणायच्या, जिभेचीही एक बाजू गेली.

"ती येनार," मामंजी म्हणाले. "म्हाळू, काहिलीत निखाऱ्याचं घमेलं ठेव. आन् एक कळशी, लांब दोरी, थोड्या चिंध्या."

कळशी पाणी उपसायला लागेल, असं म्हाळाप्पांना वाटलं. जुन्या काहिलीला एक बारीक भोक होतंच.

सकाळी काठावर गेलो तेव्हा उजेड आला होता, पण दिसत काही नव्हतं. धुकं पाण्यावर बसकण मारून होतं. म्हाळाप्पांनी मामंजींना पाठुंगळीला मारून आणलं, काहिलीच्या मधोमध बसवलं, घोंगडी गुंडाळली, त्यांच्या पायांशी घमेलं ठेवलं. आत्याबाई वर बांधावर उभ्या होत्या. त्यांच्याकडे न बघता मी आत पाय टाकला. लोखंड इतकं गार की लुगड्यातून ते मांडीला चावत होतं.

काहील गोल. वल्हं मारलं की आधी ती स्वतःभोवती फिरते, मग पुढे सरकते. मी दोन्ही हातांनी कडा धरून डोळे घट्ट मिटले. काठ कुठे गेला, आभाळ कुठे आहे, कशाचा पत्ता लागेना. नुसता वल्ह्याचा आवाज आणि मामंजींचा जड श्वास. बऱ्याच वेळानं मामंजी म्हणाले, डोळे उघड, नाहीतर कामाची न्हाईस.

उघडले, तर समोर पाण्यातून एक दगडी शिखर वर आलेलं. त्यावर पाणकावळे पंख पसरून बसले होते. ते भिवरवाडीच्या महादेवाचं देऊळ. भिवरवाडी आमचं जुनं गाव. धरण झालं तेव्हा ते पाण्याखाली गेलं आणि माणसं चहूकडे पांगली. पाणी फार उतरलं तरच ते शिखर दिसायचं. तिथे कुणी मासे धरायला येत नसे, कारण खाली भिंती, चौकटी, बाभळीची खोडं, जाळं टाकलं की फाटलंच म्हणून समजा.

म्हाळाप्पा चपापले. "तात्या, हितं कशाला? हितं जाळं टाकाया येत न्हाई."

"मासा गेलाय कुटं ते हुडकायचं हाय का न्हाई?" मामंजी म्हणाले. "गार पान्याला भिऊन गेलाय. मंग कोमट पान्याकडंच गेला आसंल. शिखर पाटीमागं ठेव आन् दमानं चल."

मग त्यांनी मला हात पाण्यात घालायला सांगितलं. जिथे पाणी जरा कमी गार लागेल तिथे बोलायचं, एवढंच माझं काम. त्यांना स्वतःला ते जमलं नसतं. झटक्यानंतर त्यांच्या चांगल्या हातालाही गार-गरम नीट कळत नव्हतं. चहाचा पेला धरून बसायचे आणि बोटाला फोड आला की समजायचं. म्हाळाप्पांच्या हातांची दोऱ्यांनी ढोरकातडी झालेली. निखाऱ्याची परीक्षा कशासाठी होती ते आता मला कळलं.

मी हात घातला आणि किंचाळायचीच राहिले. पाणी नव्हतं ते, सुऱ्या होत्या. थोडा वेळ हात दुखला, मग दुखायचा थांबला, मग हात आहे की नाही तेच कळेना. काहील शिखराच्या पुढे हळूहळू फिरत होती. मामंजी मधूनमधून विचारत, काय लागतं का? मी नाही म्हणे. काय लागणार, हात लाकडाचा झाला होता. म्हाळाप्पांनी एकदा आपला हात बुडवून बघितला आणि म्हणाले, सगळं पाणी सारखंच हाय, तात्या, हिचा हात जाईल, फिरू माघारी.

मामंजींनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत हुकूम नव्हता. माझ्याकडून एखादं माणूस इतकं काही मागतंय, असं मला तोवर कधी वाटलं नव्हतं.

आणि मला आई आठवली. पहिल्यांदा मला भट्टीपुढे बसवलं तेव्हा मी पोरकटपणे तळवा वाळूवर धरूनच ठेवला होता. तिनं माझ्या मनगटावर चापट मारली होती. वाळूला विचारायचं गं, म्हणाली होती, तिच्याजवळ मुक्काम करायचा नाही. हात धरून ठेवला की तो वाळूसारखाच होतो आणि मग त्याला काही सांगता येत नाही.

मी हात वर काढला. घमेल्यावर धरला, मुंग्या येऊन तो जिवंत होईपर्यंत. पदरानं कोरडा केला. मग पाण्याला नुसता टेकवला आणि उचलला. पुन्हा शेकला, पुन्हा टेकवला. गार. थोडं पुढे गेलो. गार. शिखर धुक्यात दिसेनासं झालं. म्हाळाप्पा आता काही म्हणेनात, मी हात उचलला की वल्हं मारायचे, टेकवला की थांबवायचे. आम्ही तिघं एका कामाला लागलो होतो, आणि माझी भीती कुठे गेली होती कोण जाणे.

एका जागी मी हात टेकवला आणि तसाच ठेवला.

"हितं," मी म्हणाले.

ते गरम नव्हतं. कोमटही म्हणता आलं नसतं. सुऱ्यांना तिथे धार नव्हती, इतकंच. काहील फिरली आणि ते हातातून निसटलं. उजवीकडे, मी म्हणाले. जास्त झालं, माघारी. आता सरळ. पुन्हा सापडलं, आणि या खेपेला वाढत गेलं. जरा पुढे गेलो तर पाणी नुसतं गार, आणखी पुढे गेलो तर मऊ. मग पाणी असं झालं की बाळाला न्हाऊ घालायला घ्यावं. माझ्या बोटांतला ठणका उतरला. मला रडू आलं, मी ते येऊ दिलं.

"थांबीव," मामंजी म्हणाले. "वल्हं काड. हलू नगा."

आजूबाजूला धुकं होतंच, पण आमच्या समोर ते वेगळं होतं. एका गोल जागेतून वाफ वर जात होती. उकळत्या भाताची असते तशी नाही, संथ, झोपलेल्या माणसाच्या श्वासाची असावी तशी. तेवढ्यात ऊन आलं. धुक्याला तांबूस रंग चढला, मग ते विरळ झालं, आणि ऊन तिरकं पाण्यात उतरलं. धरणाचं पाणी एरवी हिरवट, वितभरापलीकडचं दिसत नाही. इथे खालून येणारं पाणी इतकं निर्मळ होतं की मला आधी वाटलं, आपण हवेत आहोत आणि आता पडणार.

खाली बारव होती. घडीव दगडांचं गोल तोंड, एकही दगड हललेला नाही. एका बाजूनं आत उतरणाऱ्या पायऱ्या. पायऱ्यांच्या वर एक कोनाडा, त्यात दिवा ठेवायची जागा. तोंडावर दोरीनं पडलेल्या खाचा होत्या, त्यासुद्धा दिसत होत्या. दोन पुरुष खोल पाण्याखाली ती बारव जशीच्या तशी बसली होती, कुणी पाणी भरायला येईल म्हणून थांबल्यासारखी.

आणि तिच्याभोवती मासे होते. किती, ते सांगता येणार नाही. बारवेच्या तोंडावर, पायऱ्यांवर, कोनाड्यात, आणि तिथून बाहेर कडी करून, कड्याबाहेर कडं. सगळ्यांची तोंडं बारवेकडे. चिलापी होत्या, लेकराएवढे रोहू होते, कटले होते, मिशा सोडून बसलेले शिंगाडे होते. दगडाच्या फटीत वाम वेटोळं घालून पडली होती. आणि मरळ, जी समोर दिसेल ते पिल्लू गिळते, तिच्या तोंडाशी बोटाएवढी पिल्लं बिनधास्त टेकली होती. कुणी कुणाला खात नव्हतं. कुणी हलत नव्हतं. नुसते कल्ले उघडत होते, मिटत होते, सगळ्यांचे एका लयीत, की मला तसं वाटलं. ऊन त्यांच्या खवल्यांवर पडलं तसा तो तळ उजळून गेला.

आम्ही तिघं किती वेळ बघत होतो, कुणास ठाऊक. मी नकळत हात जोडले होते. आयुष्यात मी पुष्कळ देवळं बघितली, पण इतकं गप्प मला कुठे व्हावं लागलं नाही.

म्हाळाप्पांच्या हातात जाळं होतं. इतके दिवस रिकामं आलेलं ते जाळं त्यांनी घट्ट धरलं होतं, आणि मला त्यांच्या मनगटाच्या शिरा दिसत होत्या. उद्या बाजार होता. इथे एकदा जाळं टाकलं की मला माहेरी पाठवायचं कारणच उरणार नव्हतं. मासा इतका सुस्त की हातानं उचलावा. मी पुन्हा पाण्यात हात सोडला, तर एक रोहू वर येऊन माझ्या तळव्याला टेकून राहिला.

"आदी कळशी," मामंजी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडून कळशीचं तोंड चिंध्यांनी गच्च बुजवून घेतलं. त्या बोळ्याला एक वेगळी सुतळी बांधायला लावली. कळशीत दगड टाकला होता, तो तिला खाली नेईल. "बारवंच्या तोंडातनं आत जाऊ दे," ते म्हणाले. "वरचं पानी नगं. आतलं पायजे. आत ग्येली की सुतळी वड."

मी काहिलीच्या कडेवर पालथी पडले आणि दोरी सोडली. कळशी माशांच्या मधून खाली गेली. ते बाजूला सरले, घाबरून नाही, बायका पाणवठ्यावर एकमेकींना जागा देतात तसे. कळशी खाचा पडलेल्या दगडाला घासून बारवेच्या काळोखात उतरली. दोरी संपत आली तशी मी सुतळी ओढली. थोड्या वेळानं बुडबुडे वर आले, एकामागून एक, आणि माशांच्या अंगावरून घसरत पाण्यावर फुटले. मग कळशी जड झाली. मी ती ओढून वर घेतली. तिच्या तोंडातून बारीक वाफ निघत होती.

मामंजींनी ओंजळ करायचा प्रयत्न केला, एका हातानं होईना. मी माझी ओंजळ त्यांच्या तोंडाशी धरली. ते प्यायले. थांबले. पुन्हा प्यायले. त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आजतागायत विसरले नाही. पाणी हनुवटीवरून घोंगडीवर सांडत होतं आणि ते लहान पोरासारखे पीत होते.

"ह्येच," ते म्हणाले. मग म्हाळाप्पांनाही दे म्हणाले. मग मला.

पाणी गोड होतं. त्यात दगडाची आणि कशाची तरी जुनी चव होती.

"माज्या बानं ह्या पान्यावं गाव जगवलं," मामंजी हळूहळू म्हणाले. शब्द जोडायला त्यांना कष्ट पडत होते. "भोयानं पानी भरायचं, मान हुता आमचा. आन् भोयाच्या घरात नवी सून आली की पैली कळशी तिनं काडायची. ह्याच बारवंतनं. घरातल्या मोठ्या मानसाला पाजायची. त्या बिगर ती घरची न्हाई. पाजली की मंग तिला कुनी जा म्हनायचं न्हाई. सासूनं न्हाई, नवऱ्यानं न्हाई. पंचांनी बी न्हाई." ते थांबले. "तुजी कळशी ऱ्हायली हुती, पोरी. तेवडं मनाला लागून हुतं."

मासा शोधायला म्हणून हा माणूस मोडक्या अंगानं थंडीत पाण्यावर आला होता, आणि शोधत होता माझी जागा. ती शोधायला माझाच हात घेतला होता.

मामंजींनी म्हाळाप्पांकडे मान वळवली. "टाक आता जाळं. म्या कुटं नगं म्हनतो."

म्हाळाप्पांनी खाली बघितलं. मग जाळ्याची घडी घातली आणि मांडीखाली सारली.

"दगडात अडकंल," ते म्हणाले.

पाणी आरशासारखं होतं. कुठे दगड आहे आणि कुठे नाही, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण मामंजी म्हणाले, व्हय, अडकंल, आणि मीही म्हणाले, फाटायचं उगीच. आमच्या घरात इतकं एकमत पुन्हा कधी झालं नाही. म्हाळाप्पांनी वल्हं हलकेच घातलं, आवाज होऊ न देता. मागे वळून बघितलं तर धुकं पुन्हा मिटत होतं.

वाटेत, गावठाण पार मागे टाकल्यावर, त्यांनी दोन ठिकाणी जाळं सोडून बघितलं. एक खवला आला नाही. तेव्हा आम्ही काठाला लागलो ते रिकाम्या हातानं, आणि सकाळचं सगळं तेज माझ्या मनातून उतरत चाललं. रीत झाली खरी, पण ती पाण्यावर, धुक्यात, तिघांत झाली. बांधावर ज्या उभ्या होत्या त्यांना मासा हवा होता.

आत्याबाई खाली आल्या. काहिलीत वाकून बघितलं. जाळं रिकामं होतं, टोपलं उपडं होतं.

"म्हातारा मानूस गारठवला आन् आनलं काय?" त्या म्हणाल्या. "कळशीभर पानी? पान्याला काय कमी हाय व्हय आपल्याकडं?"

कळशी माझ्या कडेवर होती. वर पदर झाकला होता आणि निखाऱ्याच्या घमेल्याजवळ ठेवल्यानं ती अजून निवली नव्हती. मी ओंजळ भरली आणि त्यांच्यापुढे धरली.

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. मग वाफेकडे. मग त्या वाकल्या, एक घोट घेतला, आणि घोट तोंडातच ठेवून राहिल्या. त्यांचे डोळे मोठे झाले. मग ती बाई चिखलात तशीच खाली बसली.

बसल्या जागेवरूनच त्यांनी विचारलं, "कुनी काडली?"

"सूनबाईनं," काहिलीतून मामंजी म्हणाले. "बारवंच्या आतनं. तू काडली हुतीस तितनंच."

आत्याबाईंनी लुगड्याच्या पदरानं तोंड पुसलं, डोळे पुसले, पुन्हा तोंड पुसलं. "म्या सोळा वर्साची हुते," त्या म्हणाल्या, कुणाला उद्देशून ते कळलं नाही. "पायऱ्या उतरताना पाय लटलट कापत हुते. सासू वरनं म्हनली, भिऊ नगं, पानी कोमट हाय." मग उठल्या, माझ्या कडेवरची कळशी हातात घेतली नाही, नुसती सारखी केली, खाली घसरत होती म्हणून. आणि माझ्यापुढे चालू लागल्या.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. माझे वडील फुटाण्याचं गाठोडं घेऊन आले, तोंड उतरलेलं. आत्याबाईंनी त्यांना बसायला घोंगडी टाकली आणि त्याच कळशीतलं पाणी दिलं. ते आता गार झालं होतं. लेकीला भेटायला आलात, दोन दिवस राहा, म्हणाल्या, न्यायचं नाव काढू नका, हिनं बारवेचं पाणी काढलंय. माझ्या बापाला यातलं ओ की ठो कळलं नाही. बारवेचं पाणी काढणं म्हणजे एवढं काय, हे त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं. मी म्हणाले, सांगते कधीतरी.

ते गेले त्या संध्याकाळी मी काठाकडच्या वाटेवर उभी होते. खाली पाण्यावर धुकं धरायला लागलं होतं. बंदी उठली की नाही ते मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी बांधाच्या अलीकडेच थांबले होते. मागून काहीतरी माझ्या खांद्यावर येऊन पडलं. जाळं होतं, ओलं, माशाच्या वासाचं.

"उबी काय ऱ्हायलीस, हौसा," आत्याबाई म्हणाल्या. "चार जागी फाटलंय. अंधार पडायच्या आत सांद."

त्या घरात माझं नाव पहिल्यांदा कुणी घेतलं होतं. मी बांध ओलांडला, पाण्याच्या कडेला बसले, आणि जाळं मांडीवर घेतलं.